पऱ्हाटीत वऱ्हाड: शब्दकोडं रचायला बसताना

आमच्या गावात पेपर पहिल्या एस्टीनं येतो. आधी हॉटेलात, मग आमच्या किराणा दुकानात, आणि संध्याकाळी माझ्या हाती. तोवर कोड्याची चार-पाच घरं कोणीतरी बॉलपेननं भरून ठेवलेली, त्यातली निम्मी चूक. मी कोडं सोडवायला शिकलो ते या चुका खोडता खोडता.

पेपरातलं रोजचं कोडं बहुतेक विषयमुक्त असतं. सिनेमाचं कोडं असलं की नट-नट्या आठवत जाता येतं, इथे तसा आधार नाही. म्हणून सर्वांत खात्रीचा शब्द आधी भरायचा आणि त्याला छेदणाऱ्या शब्दांवरून पुढे सरकायचं. सूचना अनेकवचनी असेल तर उत्तरही तसंच.

रचायला बसलो तेव्हा मात्र घाम फुटला. न्यूयॉर्क टाइम्सचं शुक्रवार-शनिवारचं विषयमुक्त कोडं १५ बाय १५ घरांचं असतं, शब्द जास्तीत जास्त ७२, आणि प्रत्येक अक्षर आडव्यातही बसतं, उभ्यातही. ती हौस सुरुवातीला करू नका. इंग्रजीत घरात एक सुटं अक्षर असतं, आपल्याकडे काना-मात्रेसकट अख्खं अक्षर. ‘कवी’च्या ‘वी’खाली ‘वीज’ बसते, ‘विहीर’ बसत नाही. ऱ्हस्व-दीर्घ कच्चं असेल तर कोडं तिथेच फसतं.

७ बाय ७ नं सुरू करा, चौकटीच्या वहीत, पेन्सिलनं. वही उलटी धरली तरी काळी घरं त्याच जागी दिसली पाहिजेत. वरच्या ओळीत ‘पळणे’, ‘केळ’ असले शब्द टाळा. तिथून उभा शब्द निघतो, आणि मराठीत ‘ळ’नं शब्द सुरूच होत नाही, ‘ण’नं जवळजवळ नाहीच.

अडचणीचं अक्षर आधी बसवा. मला ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशीचं झाड, घ्यायचीच होती. (कापूसवाल्याच्या पोराला दुसरं काय सुचणार!) ‘ऱ्हा’वर दोन संध्याकाळी गेल्या. मग सुचलं, ‘वऱ्हाड’! दोघांचं मधलं अक्षर एकच. सूचना दिली: ‘लग्नालाही जातं, कापूसही पिकवतं’. विषय नसलेल्या कोड्याची गंमत असल्या सूचनांतच असते, नुसता समानार्थी शब्द देणं म्हणजे आळस.

पहिलं पूर्ण कोडं पुण्याच्या मावसबहिणीला पाठवलं. ‘भाजीवर चिरून टाकतात’, तीन अक्षरी. तिचा फोन आला, “अरे, कोथिंबीर चार अक्षरी होते!”

“सांबार आहे ते, ताई.”

“सांबार इडलीसोबत खातात ना?”

चूक माझीच होती. सांबाराला छेदणारे दोन्ही शब्दही मी असेच आमच्याकडचे घेतले होते, मग तिनं शोधायचं कुठून? गावचा शब्द खुशाल घ्या, पण छेद कुणालाही येईल असा द्या. आता ‘सां’खाली ‘सांज’ आहे, ‘र’खाली ‘रवा’, मध्ये काळं घर. ताईनं सोडवलं, पण कोथिंबिरीला सांबार म्हणायला ती अजून तयार नाही.