आईची सिल्डेनाफिलची गोळी: आम्ही काय सांभाळतो

आईला फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा उच्च रक्तदाब आहे. डॉक्टरांनी तिला सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलंय. ही गोळी पुरुषांची म्हणून ओळखली जाते, त्यामुळे औषधाच्या दुकानात आई संकोचायची. संकोच करू नका. याच औषधाने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात.

सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ अशा वेळा ठरवा. दोन गोळ्यांत चार ते सहा तास तरी जाऊ द्या. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंदही करू नका.

सगळ्यात मोठा धोका सॉर्बिट्रेटचा, म्हणजे छातीदुखीवरच्या नायट्रेट प्रकारातल्या गोळीचा. छातीत दुखलं की शेजारीपाजारी प्रेमापोटी ती जिभेखाली ठेवायला सांगतात. सिल्डेनाफिलसोबत नायट्रेट गेलं तर रक्तदाब धाडकन खाली येतो, जीवावर बेतू शकतं. बाबांच्या जुन्या डब्यातली पट्टी मी त्याच दिवशी काढून टाकली. आईच्या पर्समध्ये, बसच्या पासामागे, चिठ्ठी आहे: ‘सिल्डेनाफिल चालू आहे. नायट्रेट देऊ नका.’ छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन करा आणि हे पहिल्यांदा सांगा.

उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, चक्कर येते. अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा.