एका गळ्यातून दोन सूर: आधी तंबोरा बंद करा

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरची तारेची बैठक, नीट लागली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार ऐकू येतो, हे कोल्हापुरात गाणं शिकणाऱ्याला सांगायला नको. रशियातल्या, दक्षिण सायबेरियातल्या तुवाचे गवई सिगित गाताना, म्हणजे एकाच गळ्यातून खाली सा आणि वर शिट्टीसारखा सूर काढताना, तेच करतात. आवाजात मुळात असलेल्या स्वयंभू स्वरांपैकी एक निवडायचा आणि तोंडाच्या पोकळीनं तेवढाच मोठा करायचा.

सा पेटीची काळी एक, म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ धरा. सहावा स्वयंभू स्वर त्याच्या सहापट, म्हणजे 834 वर, तो प. आठवा 1112, सा. नववा रे, दहावा ग, बारावा पुन्हा प. सातवा कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो, तो सोडून द्या. काळी चारला गाणाऱ्या मुलींना याच टापूत कमी स्वर सापडतात. त्यांनी आवाज भरीव राहील तिथपर्यंत सा खाली आणावा.

'ल' म्हणताना जिभेचं टोक जिथं टेकतं तिथंच, वरच्या दातांमागच्या हिरडीला ते चिकटवा. कडा दाढांना लावून हवा अडवा आणि एकाच बाजूला, मागच्या दाढांपाशी, बारीक फट सोडा. ओठ करंगळी जेमतेम जाईल एवढेच उघडे. आता टोक न हलवता जिभेचा मधला भाग 'ऊ'कडून 'ई'कडे सावकाश न्या. इथल्या गायकीचा खुला आ-कार अंगात मुरलेला असेल तर तोंड सारखं उघडतं. ते सवयीनं जातं, घाबरू नका.

खरी फसगत पुढं आहे. तंबोरा लावून हा रियाज करू नका. अजिबात नाही. तुमचा सा आणि तंबोऱ्याचा सा एकच, म्हणून दोघांचा पाचवा, सहावा, आठवा स्वरही एकाच जागी पडतो. कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. शिट्टीसारखा गांधार ऐकू येतो, आपल्याला जमलं असं वाटतं, आणि महिनोन्‌महिने तोंड काहीच करत नसतं. मोबाईलचा तंबोरा इअरफोनवर असेल तर आणखी वाईट. म्हणून सा घ्या, तंबोरा बंद करा, मग गा. शंका आली तर जीभ हलवा: शिट्टी जागची हलली नाही तर ती तुमची नाही. श्वास तोडा: तरी वाजत राहिली तर नक्कीच नाही. मोबाईल हातभर लांब ठेवून रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले स्वर रेघांनी मांडलेलं चित्र, दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघा. सगळ्यात खालची रेघ सपाट हवी, वर एकच रेघ ठळक होऊन पायऱ्या चढताना दिसायला हवी. खालची रेघही चढत असेल तर गळा सवयीनं सा सरकवतोय.

नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर हवा नाकातून गळते आहे.

ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी इथं काही होत नाही. एका दिवसात शिकवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गुरुजींपासून लपवूनही करू नका. कार्गिरा या तुवाच्याच दुसऱ्या प्रकाराचा घोगरा खर्ज पहिल्या वर्षी नकोच, त्यात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पट्ट्याही कंपतात आणि नवखा माणूस घसा आवळून बसतो. खोकला आला, टोचलं, की त्या दिवशी थांबायचं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

रोज दहा मिनिटं पुरतात, फरशीच्या बाथरूममध्ये. पहिली धून आठ, नऊ, दहा, नऊ, आठ, सहा: सा रे ग रे सा, आणि खालचा प.