गर्भनिरोधक गोळ्या नेमक्या काय करतात, कशा घ्यायच्या, मुंबईत कुठे मिळतात

मुलींनो (आणि मुलांनो तुम्ही पण वाचा, गोळी ती घेते म्हणून सगळी जबाबदारी तिची असं नसतं), मेडिकलमध्ये जाऊन हळूच "ती गोळी द्या" म्हटलं की बरेचदा हातात इमर्जन्सीवाली (संबंध होऊन गेल्यावर घ्यायची) पडते, आणि मग दर वेळी तीच घेत बसणाऱ्या मुली आहेत. ती वेगळी, रोजची वेगळी.

रोजच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स असतात. ती रोज शरीरात गेली की बीजकोशातून बीज बाहेरच पडत नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो इतका घट्ट होतो की शुक्राणू आत शिरायला त्रास होतो. बीज नाही तर गर्भ नाही, एवढं साधं आहे. सरकारी माला-एन फुकट मिळते, माला-डी मेडिकलमध्ये स्वस्तात. पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. लोहाच्या चालू असताना पाळी येते.

पाळीच्या पहिल्या 5 दिवसांत सुरू केली तर लगेच काम करते, मध्येच कधी सुरू केली तर पहिले 7 दिवस कंडोम हवाच. वेळ एकच ठेवा, रात्री जेवणानंतर वगैरे, मोबाईलला अलार्म लावा, कारण तंतोतंत घेतली तर वर्षभरात 100 जणींत एकीलाही दिवस जायची शक्यता नसल्यातच जमा, पण प्रत्यक्षात आपण विसरतो आणि मग तो आकडा 7 च्या आसपास जातो. एक विसरली तर आठवली की लगेच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. हार्मोनच्या लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घ्या, पुढच्या रोजच्यासारख्या चालू ठेवा आणि 7 दिवस कंडोम वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या सोडून थेट नवीन पाकीट सुरू करा. लोहाची विसरली तर काही बिघडत नाही.

सुरुवातीचे दोनतीन महिने मळमळ, स्तन दुखणं, मध्येच थोडं स्पॉटिंग (रक्ताचे डाग) होतं, बहुतेकींचं आपोआप थांबतं. पुढे मूल होणार नाही ही भीती मात्र काढून टाका, गोळी बंद केली की बीज परत तयार व्हायला लागतं.

पण सगळ्यांना चालत नाही. डोळ्यासमोर चमकणारं दिसून मग अर्धशिशी उठते, बीपी जास्त आहे, आधी रक्ताची गुठळी झाली होती, लिव्हरचा आजार आहे, तर ही गोळी नको. टीबीची औषधं चालू असतील तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचा असर कमी होतो, आणि मुंबईत टीबी किती आहे ते सांगायला नको, म्हणून डॉक्टरला हे सांगाच. फिटच्या काही औषधांचंही तसंच. गोळी चालू असताना एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत कळ, दम लागणं असं झालं तर थेट हॉस्पिटल.

म्हणून पहिल्यांदा डॉक्टरकडे जा. मुंबईत बीएमसीचा जवळचा दवाखाना किंवा केईएम, सायन, नायर, कूपरची गायनॅक ओपीडी, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. नुसती गोळी सुरू करायला आतून तपासणी सहसा लागत नाही, बीपी मोजतात आणि प्रश्न विचारतात. 10 ते 19 वयासाठी सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, महाराष्ट्रात त्याच्या क्लिनिकला मैत्री क्लिनिक म्हणतात, तिथे समुपदेशक असतात. "लग्न झालंय का" असं कोणी विचारलंच तर शांतपणे सांगा की मला सल्ला हवाय.

18 पूर्ण असतील तर घरच्यांची परवानगी लागत नाही. 18 च्या खाली असाल तर खरं सांगते, पॉक्सो कायद्यात (18 च्या खालच्या मुलामुलींना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) तुमच्या मर्जीने झालेले संबंधही गुन्हाच धरतात आणि डॉक्टरला कळलं तर कळवायचं बंधन त्यांच्यावर आहे. याला घाबरून दवाखाना टाळू नका, आई, मावशी, ताई, जी कोणी ऐकून घेईल तिला सोबत न्या. पाळी फार दुखते किंवा पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे म्हणूनही डॉक्टर हीच गोळी देतात, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. कोणी जबरदस्ती केली असेल तर 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा, फुकट लागतो.

आता ती इमर्जन्सीवाली. लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, चिठ्ठीशिवाय मिळते, संबंध झाल्यापासून 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते, आधीच दिवस गेले असतील तर काही करत नाही. डेट आठवडाभर पुढे गेली तर मेडिकलमधून किट आणून सकाळच्या लघवीची टेस्ट करा. आणि गर्भपाताची गोळी ही तिसरीच गोष्ट आहे, ती मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.

यातली कुठलीच गोळी एचआयव्ही किंवा गुप्तरोग अडवत नाही, त्यामुळे कंडोम सोबत लागतोच, आणि तो बीएमसीच्या दवाखान्यात फुकट मिळतो.