चित्रकाराचा वारसा सांभाळायला निघालात? आधी परवानगीपत्र वाचा

पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं अधूनमधून विचारतात, "एखाद्या चित्रकाराचं आर्काइव्ह करायचंय, काय काय लागेल?" यादी, स्कॅनिंग, फोटोत रंगपट्टी ठेवणं (म्हणजे रंग नंतर ताडून बघता येतात) हे तुम्हाला ठाऊक असतंच. मी पुण्यातल्या एका दिवंगत चित्रकाराच्या घरच्यांसाठी हे काम करते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

प्रत्येक कॅनव्हासचा पाठीमागूनही फोटो काढा, एवढंच आधी सांगते. जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, फ्रेमवाल्याचा शिक्का, सगळं तिथे असतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कितीतरी चित्रांना नाव नाही, सही आणि साल मागच्या बाजूला. समोरून फोटो काढून मोकळे झालात तर अर्धी माहिती भिंतीकडे तोंड करून राहिली.

आता ज्यात आम्ही अडकलो ते. घरातला थोरला मुलगा म्हणतो, "अहो, कागद कशाला, घरचंच काम आहे." तुम्ही आग्रह धरता, तो साध्या कागदावर लिहून देतो: "बाबांची चित्रं छापायला आमची हरकत नाही." खाली सही. तुम्ही खूश. मीही होते.

चित्र विकत घेणाऱ्याकडे चित्र जातं, छापायचा हक्क जात नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. तो हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ कुणी उघडून बघत नाही. ते हक्क दुसऱ्याच्या नावे लिहून देण्याबद्दल आहे आणि कलम ३०अ मुळे परवान्यालाही, म्हणजे नुसत्या वापरायच्या परवानगीलाही, लागू होतं. पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि पत्रात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तोही गळून पडतो. म्हणजे "हरकत नाही" या मोघम पत्रावर वेबसाइट काढलीत तर परदेशातून ती बघणाऱ्यापाशी तुमचं पत्र संपलेलं असतं. आमचं पुस्तक रेंगाळलं (चित्रकारांची पुस्तकं रेंगाळतातच) आणि छपाईच्या तोंडावर वकीलबाईंनी ते पत्र न बोलता बाजूला सरकवलं.

त्यात सही एकाचीच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली सगळेच वाटेकरी. न्यू जर्सीतली मुलगीसुद्धा. एव्हाना भावंडांत फ्लॅटवरून बिनसलेलं होतं, त्यामुळे सह्या गोळा करताना माझा निम्मा वेळ त्यांची भांडणं ऐकण्यात गेला.

पत्रात काय हवं? कोणती चित्रं (यादीतल्या क्रमांकांसकट), कशासाठी (पुस्तक, प्रदर्शन, वेबसाइट, पोस्टकार्ड, प्रत्येक वेगळं), किती वर्षं, कुठे (वेबसाइट असेल तर "जगभर" असं स्पष्ट), मानधन किती किंवा विनामूल्य, वर्षभरात वापर झाला नाही तर काय, आणि सगळ्या वारसांच्या सह्या. घाबरू नका, हे दीड पानात बसतं. मसुदा मात्र वकिलाला दाखवा. त्या फीमध्ये काटकसर करणाऱ्यांना मी सरळ मूर्ख म्हणते.

पैसे देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचं गणित उलटं असतं. वेगळा करार नसेल तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. दिवाळी अंकांतल्या चित्रांचंही वेगळं विचारा, चित्रकार तिथे नोकरीत होता की बाहेरून काम करत होता, यावर ते ठरतं.

आधी इन्स्टाग्राम पेज काढणाऱ्यांचं मला काडीचं कौतुक नाही. चित्र कापून चौकोनात बसवायचं, त्यावर सुविचार टाकायचा, याला वारसा म्हणायचं? चित्राची मोडतोड होऊन चित्रकाराच्या नावाला धक्का लागला तर त्याच कायद्याच्या कलम ५७ खाली वारस दाद मागू शकतात. मार्गदर्शक म्हणून नामवंत समीक्षक गाठायचा मोहही टाळा. तो प्रस्तावना देईल, यादी देणार नाही. निवृत्त ग्रंथपाल शोधा. पाकिटातून पत्र काढलं तरी पाकीट फेकायचं नाही, त्यावर तारखेचा शिक्का असतो, हे मला अशाच एका बाईंनी शिकवलं.

पेठेतल्या वाड्यात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, कागद बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. बुरशी दिसली तर ओलं फडकं लावायचं नाही. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच. चित्र खरंच बिघडलं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचारा, ओळखीच्या पेंटरला नाही.

हे सगळं वाचून हातपाय गळाले असतील तर एक सोपं काम करा. चित्रकाराचे समवयस्क मित्र ऐंशीच्या पुढे गेले असतील तर स्कॅनर नंतर घ्या, आधी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. दुपारी एक ते चार जाऊ नका, हे पुण्यात सांगायला नको. आणि "आठवणी सांगा" म्हणू नका, मग सगळे सत्कारातलं भाषण करतात. एकेक चित्र समोर ठेवा आणि हे कुठल्या खोलीत काढलं होतं, तेवढंच विचारा.