व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी इन्हेलर दाबणारं यंत्र कसं रचावं

हा प्रोजेक्ट घेतला की इन्स्ट्रुमेंटेशनचे माझे विद्यार्थी आधी मोटर शोधायला लागतात. मी त्यांना आधी आयसीयूत उभं करतो. सिस्टर कॅनिस्टर, म्हणजे इन्हेलरची औषधाची डबी, हलवतात, अडॅप्टरमध्ये बसवतात, रुग्णाच्या छातीवर नजर ठेवतात आणि छाती वर यायला लागली की दाबतात. थांबतात, पुन्हा हलवतात, पुन्हा दाबतात. तेवढ्यात शेजारच्या बेडचा अलार्म वाजतो. यंत्राला हे सगळं जमायला हवं. त्यातलं दाबणं सर्वांत सोपं.

जागा ठरलेली आहे: स्पेसर (पफ ज्यात सुटतो तो पोकळ अडॅप्टर) इन्स्पिरेटरी नळीत, म्हणजे श्वास आत नेणाऱ्या नळीत, वाय-पीसपासून (आत-बाहेरच्या नळ्या जुळतात तो वाय आकाराचा जोड) साधारण 15 सेंटिमीटर अलीकडे, व्हेंटिलेटरच्या बाजूला. यंत्राचा डबा मात्र नळीवर लटकवू नका, स्टँडला बांधा. नळीला बसलेला प्रत्येक हिसका रुग्णाच्या घशातल्या ट्यूबपर्यंत पोचतो. सर्किटमध्ये, म्हणजे या नळ्यांच्या जोडणीत, एचएमई फिल्टर (रुग्णाच्या श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा) असेल तर औषध त्यातच अडकतं. म्हणून स्क्रीनवर पहिला प्रश्न ठेवा, 'फिल्टर काढला का?' आणि शेवटचा, 'परत लावला का?'

खरी मेहनत श्वास ओळखण्यात आहे. मिनिटाला 20 श्वास आणि आत-बाहेरचं प्रमाण 1:2 असेल, तर श्वास आत जायला जेमतेम 1 सेकंद मिळतो. पफ त्याच्या सुरुवातीलाच सुटायला हवा. उशीर झाला तर औषध नळीच्या भिंतींवर बसतं. व्हेंटिलेटरच्या आतल्या वायरिंगला हात लावू नका. इन्स्पिरेटरी नळीत स्वतःचा फ्लो सेन्सर घाला. श्वास सोडतानाही बरीच व्हेंटिलेटर थोडा बायस फ्लो, म्हणजे नळीतून सतत वाहणारी हवा, चालू ठेवतात, त्यामुळे शून्यापासून मोजलं तर फसाल. आधी काही श्वास नुसते बघा, तळरेषा ठरवा, मग तिच्यावर उंबरठा लावा. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरचं पाणी नळीत साचून हेलकावलं किंवा रुग्ण खोकला, तरी सेन्सर उडी मारतो. लागोपाठचे श्वास एकसारखे दिसेपर्यंत यंत्राने दाबू नये. चुकीच्या वेळी दिलेल्या पफपेक्षा न दिलेला पफ आणि अलार्म मला केव्हाही चालेल.

हलवण्याचं काय? श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलच्या बहुतेक इन्हेलरमध्ये औषधाचे कण प्रॉपेलंटमध्ये, म्हणजे औषध बाहेर ढकलणाऱ्या द्रवरूप वायूत, तरंगत असतात. न हलवता दाबलं तर डोस कमीजास्त होतो. इथे बरेच आराखडे अडतात, कारण कॅनिस्टर सर्किटला जोडलेला असताना हलवणार कसा? मला पटलेला मार्ग असा: छोट्या सरकत्या गाडीने कॅनिस्टर नोझलवरून उचलायचा, डब्यातच वर-खाली हलवायचा आणि लगेच परत बसवायचा. तो वर असताना नोझलचं भोक सिलिकॉनच्या पडद्याने बंद राहिलं पाहिजे, नाहीतर सर्किटचा दाब गळेल.

दाबायला साधारण 3-4 किलो वजनाइतका जोर लागतो. तुमच्या कॅनिस्टरचा स्वतः मोजा. दट्ट्या आधीच टेकवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी काही मिलिमीटरच सरकावा लागेल. दाबल्यावर पूर्ण सोडायलाच हवं, कारण त्याशिवाय व्हॉल्व्हचा मापाचा कप्पा पुन्हा भरत नाही. वीज गेली तर स्प्रिंगने दट्ट्या मागे आला पाहिजे.

पफ मोजत राहा. डोस डॉक्टर ठरवतील; पण दर सहा तासांनी 4 पफ धरले तर 200 पफांचा कॅनिस्टर बाराव्या दिवशी संपत येतो. रिकामा कॅनिस्टरही फुसकन वाजतो, आवाजावर विसंबू नका.

चाचणी फक्त टेस्ट लंगवर, म्हणजे कृत्रिम फुप्फुसावर. ट्यूबच्या टोकाशी फिल्टर लावा, ठरावीक पफ द्या, फिल्टर धुवा आणि फार्मसी कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) 276 नॅनोमीटरला सॅल्ब्युटामॉल मोजा. सिस्टरांच्या हाताने दिलेले तेवढेच पफही मोजा. तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी. ह्युमिडिफायर चालू ठेवूनही करा. दमट हवेत पोचणारं औषध बरंच घटतं. रुग्णापर्यंत जायचं तर वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते.

यंत्र अडलं तर कॅनिस्टर काढून हाताने दाबता यायला हवा. सिस्टरांनी हातमोजे घालून, एका हाताने तो काढून दाखवेपर्यंत मी कॅनिस्टर बसतो त्या कप्प्याचं ड्रॉइंग पास करत नाही.