गोष्टीतून अक्षर: वॉल्डॉर्फ पद्धतीने मराठी कशी शिकवावी

१९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये एमिल मोल्ट या सिगारेट कारखान्याच्या मालकाने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचा अभ्यासक्रम ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी आखला. कारखान्याच्या नावावरून ही पद्धत वॉल्डॉर्फ म्हणून ओळखली जाते. भाषेचा क्रम त्यात अगदी स्पष्ट आहे: आधी ऐकणं-बोलणं, मग चित्र आणि लिहिणं, त्यानंतर वाचन. आज मुंबई, पुणे, हैदराबादमध्ये अशा शाळा आहेत, पण तयार साहित्य बहुतेक इंग्रजीचं मिळतं. सापाच्या वळणातून ‘एस’ किंवा डोंगराच्या दोन शिखरांतून ‘एम’ काढणं मराठीच्या वर्गात उपयोगाचं नाही. शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षरं यांचा विचार करून पाठ आपणच बांधायला हवेत.

१. पहिलीच्या आधी फक्त कान आणि तोंड

बालवाडीत पाटी-पेन्सिल नको. बडबडगीतं, बोटांचे खेळ, ओव्या, कोडी आणि रोज एक गोष्ट एवढं पुरे. गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवू नका, पाठ करून सांगा आणि तीच आठवडाभर, त्याच शब्दांत सांगा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पुढचं वाक्य आपल्या आधी म्हणू लागतात. शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना इथेच तयार होते. गोष्ट सोपी करायच्या नादात ‘घनदाट’, ‘लगबगीने’ असे शब्द गाळू नका. घरी ‘व्हतं’, ‘गेल्ती’ म्हणणारं मूल असेल तर त्याला मध्येच सुधारू नका. ते मोकळेपणाने बोलतंय, हेच आत्ता महत्त्वाचं आहे.

२. उभी रेघ आणि वळण

पहिलीचा पहिला दिवस स्टायनर यांनी सरळ रेघ आणि वक्र रेघ यांना दिला होता. मराठीला तर हे फारच सोयीचं आहे, कारण आपली बहुतेक अक्षरं दंड आणि गोलाई यांचीच बनलेली आहेत. आधी अंगणात खडूने मोठी रेघ ओढून मुलांना तिच्यावरून चालवा. मग हवेत हात फिरवायचा, मग पाटीवर, आणि शेवटी बिनरेघी कागदावर जाड क्रेयॉनने. परदेशी मेणाचे रंग महाग असतात. साध्या जाड खडूंनी काहीही अडत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचाही इथे चांगला उपयोग होतो.

३. अक्षर काढायचं कसं

वॉल्डॉर्फ शाळेत सकाळचे साधारण दोन तास मुख्य पाठाचे असतात आणि एकच विषय तीन-चार आठवडे चालतो. एक अक्षर दोन-तीन दिवसांत असं येतं:

पहिल्या दिवशी गोष्ट सांगा. ‘क’ साठी श्रावणबाळाची कावड घ्या. आंधळे आईवडील, दोन टोपल्या, खांद्यावरची काठी आणि यात्रेची वाट, इतकंच. दशरथाच्या बाणापर्यंत पहिलीत जायची गरज नाही. गोष्ट झाल्यावर प्रश्न विचारू नका, तात्पर्य सांगू नका. ती रात्रभर मुलांच्या मनात राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मुलांकडून गोष्ट ऐका. एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने पुढे न्यावी. त्यानंतर रंगीत खडूंनी फळ्यावर चित्र काढा: मधोमध ताठ उभा श्रावण, त्याच्या खांद्यावर आडवी काठी, दोन्ही बाजूंना टोपल्या. मुलं आपापल्या वहीत तेच काढतील.

तिसऱ्या दिवशी त्याच चित्रावर गडद रंगाने अक्षर गिरवा. श्रावण हा दंड, काठी ही शिरोरेषा, डावीकडची टोपली बंद गोल, उजवीकडची जरा मोकळी. ‘क’ तयार! मग प्रत्येकाने हात पसरून वर्गात कावड घेऊन चालायचं आणि ‘क’ ने सुरू होणारे शब्द गोळा करायचे.

न साठी नळ, ल साठी लाटा, र साठी वळणाचा रस्ता चांगला जमतो. प्रत्येक अक्षरासाठी ओढूनताणून चित्र शोधू नका. दहा-बारा अक्षरं चित्रातून आली की बाकीची आकाराच्या नात्याने येतात: व वरून ब, प वरून ष आणि फ, र वरून स आणि ख. वर्णमालेचा क्रम तोंडी म्हणण्यासाठी ठेवा, लिहिण्यासाठी नको.

४. बाराखडी अंगाने

ह्रस्वाला एक टाळी, दीर्घाला हात लांब ताणायचे. ‘दिन’ आणि ‘दीन’ असे म्हणून बघितले की फरक कानाला कळतो. पहिली वेलांटी सगळ्यांत जास्त घोळ करते, कारण ती उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते. मूल आधी अक्षर काढून मग डावीकडे वेलांटी देत असेल तर देऊ द्या. सुरुवातीला हात उच्चाराच्या क्रमाने चालला तर बरंच.

५. वाचन स्वतःच्या वहीतून

पहिलं वाचनपुस्तक मुलाने स्वतः लिहिलेली वही. पाठ असलेल्या गाण्याच्या दोन ओळी फळ्यावर लिहा, मुलं उतरवतील आणि बोट ठेवून वाचतील. ‘हे तर पाठच आहे, वाचन कसलं?’ असं पालक विचारतात. त्यांना ओळीतला मधलाच एखादा शब्द मुलाला दाखवायला सांगा. तो सापडला की वाचन सुरू झालं.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायला हवी. या पद्धतीत घाई नाही, पण वाट बघण्यालाही मर्यादा हवी. दुधाचे दात पडले की मूल वाचनाला तयार होतं, हा स्टायनरप्रणीत विचार. विज्ञानाने तो सिद्ध केलेला नाही. दुसरीच्या मध्यापर्यंत अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नसेल, तर ‘आपोआप येईल’ म्हणत बसू नका. डोळे आणि कान तपासून घ्या, अध्ययन-अक्षमतेच्या तज्ज्ञांना दाखवा आणि रोज थोडा वेळ अक्षर-ध्वनीचा थेट सराव द्या. त्याने पद्धतीला कुठेही धक्का लागत नाही.

६. दुसरी आणि तिसरी

दुसरीला वॉल्डॉर्फमध्ये प्राणिकथा आणि संतकथा असतात. आपल्याकडे याची काही कमतरता नाही! पंचतंत्र घ्या, तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजणारे एकनाथ घ्या, दळण दळणारी जनाबाई घ्या. जोडाक्षरं याच गोष्टींतून येऊ द्या: ‘तृप्त’, ‘विठ्ठल’, ‘भक्ती’.

तिसरीत व्याकरण क्रियापदापासून सुरू करा. एकाने चिठ्ठी उघडून ‘उडी मार’, ‘झाड’, ‘कुजबुज’ यांपैकी येईल तो शब्द वाचायचा आणि करून दाखवायचा. जे करता येतं ते लाल रंगात लिहायचं. जे करता येत नाही, नुसतं दाखवता येतं, ते निळ्या रंगात. नियम त्यानंतर. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार सहसा दीर्घ असतात, हेही सांगून टाकू नका. स्वतःच्या वहीतले ‘पाणी’, ‘गादी’, ‘वाळू’ असे शब्द मुलांना शोधायला लावा. कोणीतरी ‘आणि’ घेऊन येईल, तेव्हा अपवाद सांगायचा.