जास्वंद छाटताना हात आखडू नका

आमच्या गच्चीतली लाल जास्वंद मोकळी सोडली की शेंड्याला चार फुलं आणि खाली नुसत्या काड्या, अशी होते. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर, तेव्हा छाटताना जीव खालीवर करू नका.

मी थंडी सरली की छाटते, फेब्रुवारीच्या अखेरीस. ऐन मुसळधार पावसात नको, काप वरून कुजत येतो. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, धारदार हवं आणि स्पिरिटने पुसलेलं. बोथट कात्रीने साल चेंगरते.

वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा. उरलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा उतरवा, त्याहून जास्त नको. फांदी जवळून बघा: जिथे पान होतं तिथे बारीक फुगीर डोळा दिसेल. बाहेरच्या बाजूचा डोळा निवडा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्या. आतल्या डोळ्यावर कापलंत तर फूट मधेच घुसते, गचपण होतं, आणि पिठ्या ढेकणाला, त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीला, आयतं घर मिळतं.

मग कुंडीत दोन मुठी शेणखत. पानं कमी असल्याने पाणी बेताचंच.

नवी फूट वीतभर झाली की शेंडा नखाने खुडा; खालून दोन-तीन फुटवे निघतात. झाड खरं भरतं ते या खुडण्याने, आणि नेमका हाच भाग लोक टाळतात. गणपतीला फुलं हवीत तर जूननंतर मात्र खुडू नका.

छाटलेल्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकून देऊ नका. वीतभर तुकडे ओल्या मातीत खोचा, सावलीत ठेवा. शेजारच्या काकू रोप मागायला येतातच.